‘ही बॅग तुझीच का?’ : मेरी जेन वेलोसो प्रकरणाचा अभ्यास

विमानतळावर सामान अडवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ही बॅग तुझीच का? प्रामाणिक माणूस त्याला ‘हो’ म्हणतो. बॅग आपल्या हातात आहे, आत कपडे आपले आहेत, मग नाही कसं म्हणणार? त्या एका ‘हो’वर पुढचा सगळा खटला उभा राहतो. ‘ही बॅग तुला कुणी दिली?’ हा प्रश्न त्यानंतरचा. तो कोण विचारतं, कधी विचारतं आणि कुठल्या भाषेत विचारतं, यावर एका बाईचं आयुष्य चौदा वर्षं टांगणीला लागलं. ती बाई म्हणजे मेरी जेन वेलोसो.

मानवी तस्करीला बळी पडलेल्या माणसावरच गुन्हा दाखल झाला तर कायदा त्याला काय संरक्षण देतो, हे समजून घ्यायला मी हे प्रकरण निवडलं. त्याला कारण आहे. पीडिताला शिक्षा करू नये असं सांगणारं कलम इंडोनेशियाच्या कायद्यात होतं आणि फिलिपीन्सच्या कायद्यातही होतं. तरीही तिला मृत्युदंड झाला. कायद्यात कलमच नव्हतं म्हणून अन्याय झाला, अशी ही गोष्ट नाही, आणि म्हणूनच ती नीट वाचायला हवी.

कबानातुआन ते योग्याकार्ता

मेरी जेन फिलिपीन्समधल्या नुएवा एसिहा या भातशेतीच्या प्रांतातली, कबानातुआनची. जन्म १९८५चा, पाच भावंडांत धाकटी. हायस्कूलच्या पहिल्याच वर्षी शाळा सुटली, सतराव्या वर्षी लग्न झालं, दोन मुलगे झाले. २००९मध्ये ती घरकामासाठी दुबईला गेली. मालकाने बलात्काराचा प्रयत्न केला म्हणून करार संपण्याआधीच परत आली, असं तिने सांगितलं आहे. घरी हाताला काम नव्हतं. अशा वेळी ओळखीची बाई ‘मलेशियात काम आहे’ म्हणत आली, तर कोण नाही म्हणेल?

ओळखीची बाई म्हणजे मारिया क्रिस्तिना सर्जियो. एजंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऑफिस, पाटी, शिक्के येतात. पण गल्लीतल्या माणसाच्या शब्दाला कुठल्याही पाटीपेक्षा वजन असतं. मेरी जेनने विकण्यासारखं होतं ते विकलं, नातेवाइकांकडून उसने घेतले आणि एप्रिल २०१०मध्ये ती सर्जियोबरोबर मलेशियाला गेली. तिथे पोहोचल्यावर कळलं की ते काम आता नाही. दोन-तीन दिवस हॉटेलात गेले. मग सर्जियोने सांगितलं : आठवडाभर इंडोनेशियाला जाऊन ये, परत आलीस की इथे काम मिळेल. तिकीट तिने दिलं आणि बॅगही तिनेच दिली.

२५ एप्रिल २०१० रोजी योग्याकार्ताच्या आदिसुचिप्तो विमानतळावर त्या बॅगेत २.६ किलो हेरॉइन सापडलं.

बॅग रिकामी असूनही जरा जड वाटली, असं तिच्या बाजूने पुढे सांगण्यात आलं. मी या तपशिलापाशी बराच वेळ थांबले. सरकारी वकील यावर म्हणेल, जड वाटली तर तपासली का नाही? पण तिच्या जागी उभं राहून पाहा. परका देश, हातचं काम गेलेलं, घरी उसनवारी झालेली, आणि काम देणारी बाई नवीन बॅग हातात ठेवते आहे. तिला ‘यात काय आहे?’ असं विचारणं म्हणजे मिळणाऱ्या कामावर स्वतःच पाणी सोडणं.

सहा महिन्यांत मृत्युदंड

खटला योग्याकार्ताजवळच्या स्लेमान जिल्हा न्यायालयात चालला. सरकारी पक्षाने जन्मठेप मागितली होती, न्यायालयाने ऑक्टोबर २०१०मध्ये मृत्युदंड दिला. अटकेला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. इंडोनेशियाच्या २००९च्या अमली पदार्थ कायद्यात हेरॉइनसारखा पदार्थ पाच ग्रॅमच्या वर असला की मृत्युदंडाची वाट मोकळी होते. इथे तर अडीच किलोच्या वर होता.

कामकाज बहासा इंडोनेशियात चाललं. मेरी जेनची भाषा तागालोग. न्यायालयाने दिलेला दुभाष्या इंग्रजीत भाषांतर करत होता, तो विद्यार्थी होता आणि त्याच्याकडे दुभाष्याचा परवाना नव्हता. ती इंग्रजी शिकली होती ती शाळा सोडेपर्यंत, म्हणजे कामचलाऊ. फेरविचार अर्जात तिच्या वकिलांनी हाच मुद्दा लावून धरला होता.

भाषेचा मुद्दा ऐकायला तांत्रिक वाटतो, म्हणून तो आपल्या मराठीत करून पाहते. हे उदाहरण माझं आहे, त्या न्यायालयाच्या दप्तरातलं नाही. समजा बीडची एखादी ऊसतोड मजूर बाई परदेशात पकडली गेली. तिला विचारलं, “बॅग घेऊन का आलीस?” ती म्हणाली, “ताईंनी दिली, नेते म्हटलं.” यात ताई म्हणजे सख्खी बहीण नव्हे, काम देणारी बाई, हे आपल्याला सांगावं लागत नाही. ‘नेते म्हटलं’ यात मोठ्या माणसाला नाही म्हणता येत नसल्याचा संकोच आहे, तोही आपण न सांगता ऐकतो. आता हेच वाक्य एका अनोळखी भाषेतून दुसऱ्या अनोळखी भाषेत ढकला. हाती उरतं : ‘बहिणीने बॅग दिली, मी नेण्याचं मान्य केलं.’ हा झाला कबुलीजबाब, आणि वर बहीणही सहआरोपी.

मेरी जेनच्या बाबतीत नेमकं कुठलं वाक्य कसं गेलं याची चर्चा मी करणार नाही. मुद्दा इतकाच की तस्करीची गोष्ट अशाच बारीकसारीक शब्दांत दडलेली असते. कोण कुणाला काय म्हणालं, कोण कुणाच्या उपकाराखाली होतं, पैसे कुणी भरले, पासपोर्ट कुणाकडे होता. अमली पदार्थांच्या खटल्यात या प्रश्नांना जागाच नसते. तिथे तीन गोष्टी लागतात : माल, वजन, ताबा.

कलम होतं, पण

इंडोनेशियाने २००७मध्ये मानवी तस्करीविरोधी कायदा केला. त्याचं १८वं कलम एका ओळीचं आहे : तस्करी करणाऱ्याने भाग पाडल्यामुळे पीडिताने गुन्हा केला असेल तर पीडिताला शिक्षा होणार नाही. फिलिपीन्सचा कायदा २००३चा. त्याचं १७वं कलम आणखी मोकळं आहे. तस्करीला बळी पडलेल्या व्यक्तीला पीडित म्हणूनच ओळखावं, तस्करीशी थेट जोडलेल्या किंवा तस्करी करणाऱ्याच्या हुकमावरून घडलेल्या गुन्ह्यासाठी तिला शिक्षा करू नये, आणि तिची संमती होती की नव्हती हा प्रश्नच गैरलागू समजावा, असं ते म्हणतं.

या दोन कलमांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. इंडोनेशियाचं कलम ‘भाग पाडणं’ या शब्दावर उभं आहे. पण मेरी जेनचं म्हणणं होतं की बॅगेत काय आहे हे तिला माहीतच नव्हतं. ज्याला माहीतच नाही त्याला भाग कशाला पाडावं लागेल? फसवून आणलेल्या माणसाला धमकीची गरज पडत नाही. म्हणजे फसवणूक जितकी सफाईदार, तितकं हे कलम पीडितापासून लांब. फिलिपीन्सचं कलम बळजबरी झाली का हे विचारत नाही. ते विचारतं, हा गुन्हा तस्करीतून उगवला का? अशा प्रकरणांत हाच प्रश्न बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही चित्र असंच विस्कळीत आहे. २०००च्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मानवी तस्करीविरोधी संयुक्त राष्ट्रांच्या करारात, तस्करीची व्याख्या आहे. फसवणूक, धाक किंवा अगतिकतेचा गैरफायदा असेल तर पीडिताची संमती मोजायची नाही, असंही आहे. पण पीडितावर खटला भरू नये असं स्पष्ट वाक्य त्यात नाही. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांनी २००२मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आलं, मग युरोप परिषदेच्या २००५च्या करारात २६वं कलम म्हणून आलं. आग्नेय आशियातल्या देशांनी आपला करार नोव्हेंबर २०१५मध्ये केला. पीडिताला जबाबदार न धरण्याचा ‘विचार करावा’ असं तो म्हणतो, तेही ‘योग्य प्रकरणांत’ आणि ‘देशी कायद्यांच्या अधीन राहून’. एवढ्या अटी घातल्यावर हातात फार थोडं उरतं.

आणि कलम कितीही चांगलं असलं तरी ते आपोआप लागू होत नाही. आधी कुणीतरी म्हणावं लागतं की ही बाई पीडित आहे. स्लेमानच्या न्यायालयात तिला आणणाऱ्या साखळीतलं कुणी उभं नव्हतं. सर्जियो फिलिपीन्समध्ये मोकळी होती. तिच्याविरुद्ध तक्रार नाही, तपास नाही. मग इंडोनेशियातल्या न्यायाधीशांसमोर तस्करीचा पुरावा कुठून येणार? आरोपी तर सगळेच म्हणतात, मला फसवलं.

२८ एप्रिल २०१५

यानंतरची पाच वर्षं मी भराभर सांगते. राष्ट्राध्यक्ष युधोयोनो यांच्या काळात दयेचा अर्ज पडून राहिला. जोको विदोदो आले, अमली पदार्थांच्या गुन्हेगारांना दया नाही असं त्यांचं जाहीर धोरण होतं, आणि डिसेंबर २०१४मध्ये अर्ज फेटाळला गेला. मार्च २०१५मध्ये फेरविचारही नाकारला गेला. एप्रिलमध्ये तिला नुसाकंबांगन या तुरुंगाच्या बेटावर हलवलं.

नऊ जणांना गोळ्या घालायच्या होत्या. दोन ऑस्ट्रेलियन, चार नायजेरियन, एक ब्राझीलचा, एक इंडोनेशियाचा आणि मेरी जेन. कुटुंबं शेवटचं भेटून गेली होती. फिलिपीन्सचे राष्ट्राध्यक्ष बेनिन्यो अकिनो यांनी विदोदोंना गळ घातली. इंडोनेशियातल्या स्थलांतरित कामगारांच्या संघटना तिच्यासाठी रस्त्यावर उतरल्या. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यांच्याही बायका घरकामाला परदेशी जातात आणि तिथल्या तुरुंगांत अडकतात. मेरी जेनची गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

आणि २८ एप्रिलला सर्जियो कबानातुआनच्या पोलिसांपुढे हजर झाली. आरोप तिला मान्य नव्हते. जिवाला धोका आहे म्हणून आले, असं तिचं म्हणणं होतं. कारण काहीही असो, फिलिपीन्स सरकारच्या हातात प्रथमच ठोस काही आलं : आमच्याकडे तस्करीचा खटला उभा राहतो आहे आणि त्यात ही बाई साक्षीदार आहे, तिला मारलं तर साक्ष जाईल. मध्यरात्रीनंतर आठ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. मेरी जेनला बाजूला काढलं. मनिलातल्या एका मोठ्या दैनिकाचा अंक तोवर तिच्या मृत्यूचा मथळा घेऊन छापून गेला होता.

इथे कायद्याचा अभ्यास करणाऱ्याने थांबायला हवं. तिला कुठल्या कलमाने वाचवलं? १८व्या कलमाने नाही. ती पीडित आहे असं इंडोनेशियाच्या कुठल्याही न्यायालयाने म्हटलं नाही. ती वाचली ती दुसऱ्या देशातल्या खटल्याची साक्षीदार म्हणून. इंडोनेशियाच्या महान्यायवादींनी तेव्हाच स्पष्ट केलं की शिक्षा पुढे ढकलली आहे, रद्द केलेली नाही. म्हणजे साक्ष होईपर्यंत जीव. जिच्या मरणाची तारीख तिच्या साक्षीला बांधली आहे, तिने ती साक्ष कशी द्यायची?

चार अटी आणि मनिलाचं सर्वोच्च न्यायालय

नुएवा एसिहातल्या न्यायालयात सर्जियो आणि तिच्या साथीदारावर मानवी तस्करी, बेकायदा भरती आणि फसवणूक असे खटले उभे राहिले. मेरी जेन ही मुख्य साक्षीदार, आणि ती इंडोनेशियाच्या तुरुंगात. इंडोनेशियाने साक्षीसाठी चार अटी घातल्या. ती योग्याकार्तातच कोठडीत राहील. कॅमेरा चालणार नाही. दोन्ही बाजूंचे वकील हजर नसतील. प्रश्न लेखी असतील.

फौजदारी वकिलाला या अटी वाचताच घाम फुटेल. आरोपीला आपल्याविरुद्धच्या साक्षीदाराला समोरासमोर उलटतपासायचा हक्क आहे, आणि तो फिलिपीन्सच्या राज्यघटनेतला हक्क आहे. खालच्या न्यायालयाने २०१६मध्ये लेखी प्रश्नांना परवानगी दिली. अपिलीय न्यायालयाने ती २०१७मध्ये उलटवली : फौजदारी नियमांप्रमाणे साक्ष न्यायाधीशांपुढेच झाली पाहिजे. नियमाच्या भाषेत पाहिलं तर तेही चूक नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ९ ऑक्टोबर २०१९चा. प्रकरणाचं नाव ‘पीपल विरुद्ध सर्जियो’, निकालपत्र न्यायमूर्ती रामोन पॉल हर्नांडो यांचं. त्यांनी म्हटलं की फौजदारी नियम लिहिताना अशी परिस्थिती कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हती. साक्षीदार आजारी असेल, देश सोडून जाणार असेल, एवढ्याचाच विचार त्यात आहे. परक्या देशात मृत्युदंडाच्या सावलीत बसलेली साक्षीदार त्यात बसत नाही. जिथे नियमात पोकळी आहे तिथे दिवाणी प्रक्रियेतली लेखी प्रश्नोत्तरांची पद्धत वापरता येईल. आरोपीच्या हक्कासाठी त्यांनी वाट आखून दिली : प्रश्न आधी आरोपीच्या वकिलाला मिळतील, त्याच्या हरकतींवर न्यायाधीश निर्णय देतील, त्याचे उलटप्रश्नही लेखी जातील, आणि उत्तरं घेताना न्यायाधीश स्वतः तिथे असतील, म्हणजे तिचा चेहरा, तिची चलबिचल त्यांना पाहता येईल. मृत्यू समोर दिसत असलेल्या माणसाच्या बोलण्याकडे मृत्युपूर्व जबाबासारखं पाहता येईल, असाही विचार त्या निकालात आहे.

त्यातलं मला सर्वांत भिडलं ते हे : उचित प्रक्रियेचा हक्क फक्त आरोपीचा नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची बाजू मांडायची संधी राज्यालाही मिळाली पाहिजे. आपल्याकडे पीडितांच्या हक्कांची चर्चा बहुतेक भरपाईपाशी अडते. बोलायला मिळणं हाच पहिला हक्क आहे, हे या निकालाने सांगितलं.

जानेवारी २०२०मध्ये सर्जियो आणि तिच्या साथीदाराला जन्मठेप झाली, पण ती दुसऱ्या तक्रारदारांच्या बेकायदा भरतीच्या खटल्यात. म्हणजे हीच माणसं कामाच्या आमिषाने इतरांनाही जाळ्यात ओढत होती, हे न्यायालयात सिद्ध झालं. मेरी जेनची शिक्षा मात्र त्याने हलली नाही.

स्ट्रासबर्गमधून

पीडिताची वेळेत ओळख पटवणं म्हणजे काय, हे सर्वांत स्वच्छ सांगणारा निकाल युरोपातला आहे. २००९मध्ये ब्रिटनमध्ये गांजाच्या चोरट्या लागवडीत दोन व्हिएतनामी अल्पवयीन मुलं सापडली. वकिलांच्या सल्ल्याने दोघांनी गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. पुढे पीडित ओळखण्यासाठी नेमलेल्या यंत्रणेनेच ही मुलं तस्करीला बळी पडल्याचं म्हटलं, तरी सरकारी पक्ष हटला नाही. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ब्रिटनला दोषी धरलं. आरोपी तस्करीचा बळी असल्याची विश्वासार्ह शंका आली की आधी प्रशिक्षित माणसाकडून तपासून घ्या, मग खटल्याचं ठरवा; यंत्रणेचं मत डावलायचं तर तस्करीच्या व्याख्येला धरून स्पष्ट कारणं द्या. मुलांनी स्वतः सांगितलं नाही, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. विचारणं हे राज्याचं काम आहे.

स्लेमानमध्ये हेच झालं असतं तर? सुरुवातीच्या आठवड्यात कुणी तागालोग येणारं तिच्यापाशी बसलं असतं, तिकीट कुणी काढलं हे विचारलं असतं, कबानातुआनला निरोप गेला असता. सर्जियोचं नाव पाच वर्षांनी नव्हे, पाच दिवसांत पुढे आलं असतं.

आपल्याकडे

भारतीय न्याय संहितेचं १४३वं कलम (आधीचं भादंवि ३७०) तस्करी करणाऱ्याला शिक्षा देतं आणि पीडिताची संमती गैरलागू मानतं. पण पीडिताला शिक्षा करू नये असं वाक्य त्यात नाही, आणि गुन्हे करवून घेण्यासाठी केलेल्या तस्करीचा नावाने उल्लेखही नाही. लोकसभेने जुलै २०१८मध्ये मंजूर केलेल्या तस्करीविरोधी विधेयकात पीडिताच्या बचावाची तरतूद होती, पण ती गंभीर गुन्ह्यांपुरती. छोट्या गुन्ह्यात अडकलेला पीडित बाहेरच राहिला असता. ते विधेयक राज्यसभेत मंजूर न होता २०१९मध्ये बाद झालं.

मग पीडिताच्या वकिलाने कुठे जायचं? धमकीखाली केलेल्या कृत्याचा बचाव संहितेच्या ३२व्या कलमात आहे, पण त्याला ‘तत्काळ मृत्यूची’ भीती लागते. गावाकडे मुलांना काही करीन, कर्ज फिटेपर्यंत पासपोर्ट देणार नाही, या धमक्या तिथे चालत नाहीत. अमली पदार्थांच्या कायद्याचं ३५वं कलम आरोपीच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता असं गृहीत धरतं, आणि तो नव्हता हे आरोपीने संशयापलीकडे सिद्ध करायचं असतं. मेरी जेन मुंबईला उतरली असती तर तिची वाट फार सोपी नव्हती.

पिटा कायद्याचं (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा) आठवं कलम तर आपल्या रोजच्या पाहण्यातलं आहे. फसवून आणलेली, विकलेली बाई रस्त्यावर उभी राहिली की गिऱ्हाईक बोलावल्याचा गुन्हा तिच्यावर. तिला तिथे कुणी उभं केलं हा दुसरा प्रश्न, तो बहुतेक वेळा विचारायचा राहून जातो.

एक चांगली गोष्ट मात्र आपल्याकडे आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाची मे २०१२ची सूचना. तस्करीच्या प्रकरणात परदेशी बाई सापडली आणि ती पीडित असल्याचं तपासात दिसलं, तर तेव्हाच्या परकीय नागरिकांच्या कायद्याखाली तिच्यावर आरोपपत्र दाखल करू नये. दाखल झालं असेल तर मागे घेण्याचं पाहावं. पुण्यात, मुंबईत, ठाण्यात कुंटणखान्यांतून सोडवलेल्या बांगलादेशी बायकांसाठी हा कागद म्हणजे घरी जाण्याचा रस्ता ठरू शकतो. पण ती सूचना आहे, कायदा नाही. पोलीस ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्याने वाचली असेल तरच उपयोग. पीडितांसाठी काम करणाऱ्या प्रत्येक वकिलाने तिची एक प्रत पिशवीत ठेवावी, हे मी मनापासून सांगते.

बॅगेची गोष्टही आपल्यापासून लांब नाही. २०१९मध्ये मुंबईचं एक जोडपं दोह्याच्या विमानतळावर चार किलो चरससह पकडलं गेलं आणि दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. सहलीचा खर्च नातेवाइकाने केला होता, पुडकंही त्याच घरातून आलं होतं. ती बाई गरोदर होती, बाळ तिथल्या तुरुंगात जन्मलं. घरच्यांनी इथे पाठपुरावा केला, अमली पदार्थ नियंत्रण विभागाने इथला माग काढला, आणि २०२१मध्ये कतारच्या न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. ते प्रकरण कायद्याच्या भाषेत तस्करीचं नव्हे. पण किल्ली तीच होती : बॅग भरणाऱ्याचा तपास मायदेशात झाला आणि तो कागद वेळेत परक्या न्यायालयापर्यंत पोहोचला.

आता तर नव्या तऱ्हेची बॅग आली आहे. डेटा एन्ट्रीचं काम म्हणून पोरं थायलंडला जातात, तिथून म्यानमारच्या सीमेवरच्या कुंपणात नेली जातात आणि मारून-मुटकून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करवली जाते. एप्रिल २०२५मध्ये महाराष्ट्र सायबरने तिथून साठहून अधिक भारतीयांना सोडवून आणल्याचं जाहीर केलं. त्यातल्या काहींना एजंट म्हणून अटक झाली, बाकीच्यांना पीडित मानलं गेलं. ही रेघ कुठे ओढायची? काही पोरांनी तिथे बसून खरोखरच लोकांना लुबाडलं आहे, आणि ज्यांची आयुष्यभराची पुंजी गेली ते म्हातारे नागपुरात, नाशकात बसून न्याय मागताहेत. त्यांचा राग खोटा नाही. म्हणूनच रेघ ओढायला विचारपूस लागते : पासपोर्ट कुणाकडे होता, नाही म्हटल्यावर काय झालं, पगार मिळाला का, दार बाहेरून बंद होतं का.

मांडालुयोंग

६ डिसेंबर २०२४ रोजी इंडोनेशियाचे समन्वय मंत्री युस्रिल इह्झा महेंद्रा आणि फिलिपीन्सचे न्याय खात्याचे अवर सचिव राउल वास्केझ यांनी जकार्तात हस्तांतराच्या करारावर सह्या केल्या. इंडोनेशियाने तिला माफी दिली नाही, निर्दोषही म्हटलं नाही. कैदी म्हणून ती मायदेशाच्या हवाली झाली. फिलिपीन्सने २००६मध्येच मृत्युदंड रद्द केलेला असल्याने गोळ्या मात्र टळल्या, आणि पुढे तिला दया दाखवायची तर फिलिपीन्सने दाखवावी, आम्ही त्या निर्णयाचा मान राखू, असं इंडोनेशियाने मान्य केलं.

१८ डिसेंबरच्या पहाटे ती मनिलाला उतरली. योग्याकार्ताच्या तुरुंगात ती बाटिक शिकली होती, मेण गरम करून कापडावर नक्षी काढायची. जाताना लहान असलेले दोन्ही मुलगे आता तिच्याहून उंच झाले होते. विमानतळावरून तिला थेट मांडालुयोंगच्या स्त्रियांच्या तुरुंगात नेलं, आणि तिथे आई-वडील आणि मुलगे तिला भेटले.

इंडोनेशियाने घातलेल्या चार अटी त्या दिवशी संपल्या. आता ती नुएवा एसिहातल्या न्यायाधीशांपुढे उभी राहू शकते, दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर, तागालोगमध्ये. बॅग कुणी दिली, हे तिला तिच्या भाषेत विचारता येईल.